व्यायाम, भूक आणि न हलणारा वजनकाटा

"अरे, रोज पार्काला पाच फेऱ्या मारते, पण काटा हलायलाच तयार नाही!" आमच्या इमारतीतल्या काकू परवा लिफ्टमध्ये म्हणाल्या. पायात चालायचे बूट, कपाळावर घाम आणि हातातल्या पिशवीतून येणारा मेदूवड्याचा वास. "आणि चालून आलं की अशी कडकडून भूक लागते म्हणून सांगू! मग उपयोग काय?"

काकूंच्या या प्रश्नावर शास्त्रज्ञ निदान सत्तर वर्षं डोकं खाजवतायत. व्यायामाने भूक वाढते की मरते? वाढत असेल तर वजन उतरणार कसं? आणि मरत असेल तर जिमची फी भरणारे सगळेच सडसडीत का नसतात?

आधी वहीतला हिशेब करू. शिवाजी पार्कची एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. सत्तर किलोचा माणूस किलोमीटरभर झपझप चालला की जेमतेम ५० कॅलरी खर्च होतात, आणि त्यातल्या काही तो घरी पेपर वाचत बसला असता तरी गेल्याच असत्या. म्हणजे पाच फेऱ्यांच्या फार तर ३०० कॅलरी. एका वडापावात साधारण तेवढ्याच असतात. तासाभराचं चालणं आणि चार मिनिटांचं खाणं, फिटंफाट. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यानुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १,६६० आणि पुरुषाला २,११० कॅलरी पुरतात. काकूंच्या दिवसभराच्या कोट्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा तो एक वडापाव घेऊन जातो.

पण समजा काकूंनी वडापावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात असं धरलं, तर रोजच्या ३०० म्हणजे वर्षाला चौदा किलो. पार्कात वर्षानुवर्षं फेऱ्या मारणारी मंडळी आठवून बघा. या हिशेबाने ती एव्हाना दिसेनाशी व्हायला हवी होती! अर्थात वहीत कुठेतरी गफलत आहे.

पहिली गफलत खर्चाच्या बाजूला आहे. टांझानियातले हाद्झा लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून जगतात. रोज मैलोन् मैल पायपीट. हर्मन पाँट्झर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्या शरीराचा दिवसभराचा खर्च मोजला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. शरीराचं आकारमान लक्षात घेतलं, तर त्यांचा एकूण खर्च अमेरिकेतल्या खुर्चीत बसणाऱ्या लोकांएवढाच निघाला. पाँट्झरचं म्हणणं असं, की शरीर ठरलेल्या पगारात चालणाऱ्या घरासारखं वागतं: एखाद्या महिन्यात लग्नाचा आहेर निघाला तर कपड्यालत्त्यात, सिनेमात हात आखडता घेतला जातो. व्यायामावर जास्त गेलं, की शरीर इतर कामांत थोडी काटकसर करतं. सगळ्याच शास्त्रज्ञांना हे मान्य नाही आणि शरीर व्यायामाचा सगळा खर्च परत वसूल करतं असंही नाही. पण काही भाग करतं. शिवाय आपण स्वतःही करतो: सकाळी जिम झाली म्हणून दुपारी दोन मजल्यांसाठी लिफ्ट, आणि संध्याकाळी स्टेशनवरून घरी यायला शेअर रिक्षा.

दुसरी गफलत जमेच्या बाजूची, म्हणजे भुकेची. खरी गंमत इथेच आहे.

भूक आपल्याला पोटात लागल्यासारखी वाटते, पण तिचं सगळं कामकाज मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या छोट्याशा भागात चालतं. तिथे सतत निरोप येत असतात. जठर रिकामं झालं की त्याच्या अस्तरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं. ते म्हणतं, "वाढा पान." जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. जेवण आतड्यात उतरू लागलं की तिथून जीएलपी-१, पीवायवाय, सीसीके अशी हार्मोनं निघतात आणि ताणलेल्या जठराचा निरोप व्हेगस नावाच्या मज्जातंतूवरून वर जातो: "बास आता." हे निरोप पोचायला थोडा वेळ लागतो. सव्वानऊची लोकल पकडायची म्हणून उभ्या उभ्या चार पोळ्या कोंबणाऱ्याला "बास" ऐकू येतं तेव्हा पाचवी पोळी पोटात गेलेली असते.

हे झालं एका जेवणापुरतं. लांब पल्ल्याचं खातं लेप्टिनकडे. चरबीच्या पेशींतून निघणारं हे हार्मोन १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. शरीरात चरबीचा साठा किती, हे ते मेंदूला कळवतं. साठा घटू लागला की लेप्टिन घटतं आणि मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. मग भूक वाढते, आणि खाण्याचा विचार डोक्यातून जाता जात नाही. डाएट करणाऱ्या माणसाला हॉटेलांच्या पाट्या अचानक जास्त दिसायला लागतात, त्याच्यामागे हे आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं, की कडक आहाराने वजन उतरवलेल्यांची भुकेची हार्मोनं वर्षभरानंतरही चढलेलीच होती. त्यामुळे "तुझी जिभेवर सत्ताच नाही" असं जाड माणसाला सुनावणाऱ्यांची मला चीड येते. त्याच्या मेंदूत दिवसरात्र काय घोषणा चालू आहेत, ते ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं.

मग यात व्यायाम काय करतो?

पहिली गोष्ट बऱ्याच जणांना खोटी वाटते: जोरदार व्यायाम झाल्या झाल्या भूक मरते. दम लागेपर्यंत पळून आलेल्या माणसापुढे लगेच पुरणपोळी ठेवून पाहा. तो पाणी मागेल. पळताना घ्रेलिन खाली जातं, जीएलपी-१ आणि पीवायवाय वर जातात आणि हा परिणाम तासभर, कधी त्याहून थोडा जास्त टिकतो. २०२२ मध्ये आणखी एक पदार्थ हाती लागला: स्नायूंत बनणारं लॅक्टेट आणि प्रथिनांतलं फिनाइलअॅलॅनिन यांच्या जोडणीतून बनणारा, जोराच्या व्यायामानंतर रक्तात वाढणारा. लठ्ठ उंदरांना तो टोचला तर ते कमी खायला लागले. माणसांत आणि शर्यतीच्या घोड्यांतही तो पळल्यानंतर वाढलेला दिसला. (शर्यतीच्या घोड्यांच्या भुकेवर संशोधन होतं हे महालक्ष्मीला पैसे लावणाऱ्यांना कळलं तर ते काय काय अंदाज बांधतील, देव जाणे.)

पोहणं मात्र वेगळं. पोहून आल्यावर जी भूक लागते तिला तोड नाही, असं तरणतलावावर जाणारा कोणीही सांगेल, आणि त्यात तथ्य असावं. फ्लोरिडातल्या एका प्रयोगात थंड पाण्यात व्यायाम केलेल्यांनी कोमट पाण्यातल्यांपेक्षा नंतर ४४ टक्के जास्त खाल्लं. आपल्याकडच्या तलावाचं पाणी तेवढं गार कधीच नसतं, हा भाग वेगळा.

आता एक महत्त्वाचा प्रयोग, इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठातला. काही तरुणांच्या शरीरात एका दिवशी पळायला लावून कॅलरींची तूट निर्माण केली. दुसऱ्या एका दिवशी तेवढीच तूट केली, पण जेवण कमी देऊन. तूट तीच. कमी जेवलेल्या दिवशी भूक वाढली, घ्रेलिन वाढलं आणि समोर अन्न आल्यावर त्यांनी ते भरपूर खाल्लं. पळालेल्या दिवशी यातलं काहीच झालं नाही. ताटातून चार घास काढले तर शरीर आरडाओरडा करतं, आणि तेवढेच घास पायांनी खर्चले तर निदान त्या दिवशी तरी गप्प बसतं.

मग काकूंना कडकडून भूक लागते ती कुठून? एक तर चालणं हा भूक मारण्याइतका जोराचा व्यायाम नव्हे. दुसरं, त्या पहाटे नुसत्या कपभर चहावर निघतात आणि परत येईतो साडेआठ वाजतात. ती नाश्त्याची वेळच आहे, फेऱ्या मारल्या नसत्या तरी भूक लागलीच असती. आणि तिसरं म्हणजे मेदूवडा. घाम गाळला म्हणून स्वतःला दिलेलं बक्षीस. याचा हार्मोनशी काही संबंध नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. त्यात ट्रेडमिलवरचे आणि मनगटावरच्या घड्याळातले कॅलरीचे आकडे आगीत तेल ओततात. ते बऱ्याचदा चुकीचे असतात आणि बरोबर असले तरी त्यांची फोड वड्यांत करायची नसते.

सगळ्यांचं शरीर मात्र सारखं वागत नाही. इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातले जॉन ब्लंडेल आणि त्यांचे सहकारी नील किंग यांनी २००८ मध्ये ३५ स्थूल माणसांचा अभ्यास छापला. बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, प्रत्येक वेळी ५०० कॅलरी खर्च होईतो व्यायाम, तोही डोळ्यांदेखत, म्हणजे कुणी चुकारपणा करायची सोय नाही. सरासरी घट ३.७ किलो. पण सरासरीच्या पोटात काय दडलं होतं? कुणाचं १४.७ किलो उतरलं, तर कुणाचं पावणेदोन किलो वाढलं! ज्यांचं फारसं उतरलं नाही त्यांची भूक वाढली होती आणि ते नकळत जास्त खात होते.

याच गटाने पुढे आणखी एक बाब टिपली. काही महिने नियमित व्यायाम केल्यावर सकाळची रिकाम्या पोटीची भूक वाढते हे खरं, पण त्याचबरोबर तेवढ्याच नाश्त्याने पोट जास्त भरल्यासारखं वाटतं. दोन्ही एकदम. म्हणजे कडकडून भूक लागणं हे व्यायाम वाया गेल्याचं लक्षण नाही. भूक लागावी तेव्हा लागते आणि शमावी तेव्हा शमते, अशी यंत्रणा ठिकाणावर येत असल्याचं ते लक्षण आहे.

यंत्रणा ठिकाणावरून सरकते कधी? याचं उत्तर आपल्याच देशात, बंगालमधल्या एका ज्यूट गिरणीत सापडलं होतं. जाँ मेयर या पोषणतज्ज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसोबत तिथल्या २१३ माणसांचं काम, खाणं आणि वजन यांची नोंद केली. साल १९५६. दिवसभर गादीवर बसणारे दुकानदार, कारकून, पर्यवेक्षक, मेकॅनिक, गाठी वाहणारे, कोळसा ओढणारे, सगळे त्यात होते. हलक्या कामापासून अतिकष्टाच्या कामापर्यंत गेलं तर खाणं कामाच्या प्रमाणात वाढत होतं आणि वजन जागच्या जागी होतं. जेवढी मेहनत तेवढी भूक, अगदी चोख. मात्र सगळ्यात कमी हालचाल करणाऱ्या बैठ्या लोकांत आलेख उलटा फिरला. त्यांचं खाणं सगळ्यात कमी असायला हवं होतं, पण ते कष्टकऱ्यांच्या तोडीचं निघालं, आणि वजनं तर सगळ्यांहून जास्त.

या अभ्यासात उणिवा आहेत. तो एका वेळचा फोटो आहे, कष्टाच्या कामाला मुळातच काटक माणसं जात असतील अशी शंका घ्यायला जागा आहे. पण अलीकडच्या कितीतरी अभ्यासांत आलेखाचा तोच बाक पुन्हा दिसलाय. एका मर्यादेच्या खाली हालचाल गेली की भूक कमी होत नाही, ती बेहिशेबी होते.

मुंबईकराने हे वाचलं की डोळ्यांपुढे गिरणगाव येतं. लालबाग-परळच्या खोल्यांमध्ये कोकणातून, घाटावरून आलेले कामगार राहायचे आणि पाळी संपली की खाणावळीत जेवायचे. खाणावळ चालवणाऱ्या बायकांची प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात बांधणी केली, ती याच वस्तीत. साच्यावर आठ तास उभं राहून आलेला माणूस भाताचा डोंगर संपवायचा आणि अंगावर मांस दिसायचं नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. त्याच जमिनीवर, लोअर परळला, आता काचेच्या इमारती आहेत. आत माणसं नऊ-नऊ तास खुर्चीत. भात कमी झालाय, पण चार वाजता कुणाचा तरी वाढदिवसाचा केक, सहाला पिझ्झा, रात्री फोनवरून मागवलेली बिर्याणी. मेयरच्या गादीवरच्या दुकानदारांत आणि यांत फरक एवढाच, की दुकानदाराला खाणं मागवायला निदान पोऱ्याला हाक तरी मारावी लागत असे.

त्यात आपल्या लोकांची आणखी एक अडचण. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) नेमका २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, हा आपला नमुना. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या वरचा बीएमआय जास्त धरतात. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी म्हणतात. व्यायामाने नेमकी पोटातली चरबी घटते, स्नायू टिकतात किंवा वाढतात, आणि अशा वेळी वजनकाटा तिथेच राहूनही शरीर बदललेलं असू शकतं. काकूंनी काट्यावर रोज चढण्यापेक्षा महिन्यातून एकदा कमरेला टेप लावावी, असं मी त्यांना सांगितलंय. त्यांनी ऐकलं की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

खाण्याच्या प्रकाराबद्दल फार लिहीत नाही, त्यावर रोज व्हॉट्सअॅप येतच असतं. फक्त एक प्रयोग. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं अन्न दिलं. हवं तेवढं खा म्हणाले. समोर ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, चरबी, तंतू सारखेच ठेवले होते, तरी पाकीटबंद आठवड्यांत ते रोज ५०० च्या आसपास कॅलरी जास्त खाऊन गेले. एवढी भर फेडायची तर पार्काला आठ-नऊ फेऱ्या माराव्या लागतील. उसळ, पिठलं, भाकरी, कोशिंबीर यांना चावायला वेळ लागतो, प्रथिनं आणि तंतू पोटात रेंगाळतात, "बास"चा निरोप वेळेवर पोचतो.

झोपेबद्दल मात्र बोललंच पाहिजे, कारण मुंबईत व्यायामाची वेळ झोपेतूनच कापली जाते. कल्याण-विरारहून येणारा माणूस रात्री दहाला घरी पोचतो आणि पहाटे साडेचारचा गजर लावून जिम गाठतो. शिकागोत २००४ साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. घ्रेलिन २८ टक्के वर, लेप्टिन १८ टक्के खाली, आणि ओढ कशाची, तर गोड नि चटकमटक खाण्याची. अशा माणसाला मी सांगेन, पहाटेची जिम सोड, झोप पुरी कर. एक स्टेशन आधी उतरून चाल. जेवणानंतर शतपावली घाल, ती तर आजीच्या काळापासून चालत आलेली आहे. जेवल्यावरच्या थोड्या चालण्यानेही रक्तातली साखर कमी चढते, हे आता मोजून सिद्ध झालंय. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. तो तुकड्यातुकड्याने केला तरी चालतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी लांब चालायला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. साखर एकदम उतरून पार्कातच भोवळ यायची.

व्यायामाचं खरं काम वजन उतरल्यानंतर सुरू होतं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. साडेतेरा किलोंहून जास्त वजन उतरवून निदान वर्षभर ते राखलेल्यांची नावं तीत जातात. त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात. उतरवायला आहार आणि टिकवायला व्यायाम, अशी ढोबळ वाटणी केली तरी फारसं चुकणार नाही.

सध्या सगळ्या गप्पा वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनवर येऊन थांबतात, तेव्हा त्याबद्दलही. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. आतड्यातून निघणाऱ्या त्या जीएलपी-१ ची ही नक्कल, फक्त काही मिनिटांऐवजी आठवडाभर टिकणारी. मेंदूतल्या घोषणा थांबतात. "आयुष्यात पहिल्यांदा खाण्याचा विचार न करता दिवस गेला," असं घेणारे सांगतात ते यामुळे. गरज असलेल्यांसाठी हे मोठंच औषध आहे, त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही. पण वजनाबरोबर स्नायूही उतरतात, आणि सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांचा पाठपुरावा केला तेव्हा वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोनतृतीयांश परत आलं होतं.

डेन्मार्कमध्ये १९५ लोकांवर याच जातीच्या लिराग्लुटाइडचा प्रयोग झाला. सगळ्यांनी आधी आहाराने वजन उतरवलं, मग वर्षभर कुणी नुसता व्यायाम केला, कुणी नुसतं औषध घेतलं, कुणी दोन्ही. काहीच न मिळालेल्या गटाशी तुलना केली तर व्यायामाने ४.१, औषधाने ६.८ आणि दोन्हींनी मिळून ९.५ किलोंचा फरक पडला. त्यानंतर सगळं थांबवून आणखी वर्षभराने पुन्हा तपासलं. नुसतं औषध घेतलेल्यांचं वजन बरंचसं परतलं होतं. ज्यांनी औषधासोबत व्यायामही केला होता, त्यांनी त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त राखलं होतं. इंजेक्शन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना म्हणूनच त्याच बैठकीत विचारा, की सोबत वजनं कोणती उचलायची, प्रथिनं किती खायची आणि पुढे औषध बंद करायचं झालं तर कसं करायचं.